मीठ कुणी घालायचं?

पाककृतींच्या पुस्तकात शेवटी एक ओळ हमखास असते, 'मीठ चवीप्रमाणे'. ती वाचली की माझं डोकं फिरतं. कुणाच्या चवीप्रमाणे? रवा वाटीनं मोजून द्यायचा, तूप चमच्यानं मोजून द्यायचं आणि जिथे माणसाची खरी पंचाईत होते तिथे हात वर करून मोकळं व्हायचं. माझ्या सुनेला मी हे सांगते तेव्हा ती हसते. तिला काय सांगू, की आमचं बिऱ्हाड डोंबिवलीत राहणार की गिरगावात परत जाणार, हे एका नाताळच्या सुट्टीत मिठावरून ठरलं होतं?

आम्ही मूळचे गिरगावातल्या चाळीतले. दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं आणि थोरल्या काकांचं पाच माणसांचं कुटुंब. स्वयंपाकघर एक, चूल एक आणि बायका दोन, थोरली काकू आणि माझी आई. आजी होती तेव्हा म्हणे एकदा व्याही जेवायला आले असताना दोन्ही सुनांनी आमटीत मीठ घातलं. एकीनं घातलं ते दुसरीला ठाऊक नाही. व्याह्यांनी एक भुरका मारला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्या दिवसापासून आजीनं कायदा केला की या घरात मीठ एकाच हातानं पडेल. आजी गेली आणि तो हात थोरल्या काकूचा झाला. आईकडे पोळ्या होत्या. दहा वर्षं तिनं फक्त पोळ्या लाटल्या. पोळ्या अशा की पदर सुटलेल्या, मऊसूत, दुसऱ्या दिवशीही चामट न होणाऱ्या. पण मिठाच्या बरणीला तिनं हात लावला तो फक्त ती पुसण्यापुरता.

काकू दुष्ट होती असं कुणी समजू नये. ती उंचीनं बेताची, आवाजानं मोठी आणि हाताला चव असलेली बाई होती. नियम आजीचा होता आणि तो ती पाळत होती, इतकंच.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यावर बाबांनी डोंबिवलीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. थोरल्या काकांना ते अजिबात रुचलं नाही. "जंगलात राहायला चाललास," असं ते म्हणाले. ते अगदीच खोटं नव्हतं. तेव्हा आमच्या खोल्यांच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की भातखाचरंच सुरू व्हायची. दिवे कंदिलाचे, पाणी विहिरीचं. विंचू तर शेजाऱ्यांसारखे येऊन जाऊन असत. शेवटी भावाभावांत असं ठरलं की वर्षभर राहून बघायचं. नाताळच्या सुट्टीत काका सहकुटुंब येतील, स्वतःच्या डोळ्यांनी बघतील, आणि त्यांना पटलं नाही तर आम्ही गुमान गिरगावात परत यायचं. बाबांनी मान डोलावली. थोरल्या भावासमोर बाबांच्या मानेला ती एकच हालचाल येत असे.

डोंबिवलीतल्या पहिल्या दिवशीची आई मला स्वच्छ आठवते. चुलीवर आमटी उकळत होती आणि आई मिठाची बरणी उघडून नुसती उभी होती. मीठ ठाण्याकडच्या मिठागरांतलं, जाडं, खडे खडे असलेलं. मूठभर घ्यावं की चिमूटभर, तिला कळेना. एवढी तीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी घाबरली होती. त्या दिवशीची आमटी आम्ही डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली. बाबा म्हणाले, "अगं, आमटी चौपाटीवर हवा खाऊन आली का?" दुसऱ्या दिवशीची अळणी झाली. तेव्हा म्हणाले, "आज तिला दवाखान्यातून आणलेली दिसते." आई चिडली नाही. पदर तोंडाला लावून हसली. गिरगावात ती अशी मोठ्यानं हसलेली मला आठवत नाही.

मग तिनं एक युक्ती काढली. करणाऱ्या बाईनं चव बघायची नाही, नैवेद्याआधी अन्न उष्टं होतं, हे तर आमच्याकडे पक्कं होतं. आई स्वतः कधीच चव घ्यायची नाही. पण मला हाक मारायची, दाराआड उभं करायची आणि माझ्या तळहातावर रश्शाचा थेंब टाकून विचारायची, "सांग, मीठ?" मी दहा वर्षांची होते. मोठ्या रुबाबात डोळे मिटून जीभ लावायची आणि निकाल द्यायची. "अजून थोडं." "बास." "आई, आज तू चुकलीस." इतकं महत्त्व मला पुढे नोकरीतही कुणी दिलं नाही. देवाला हे कळत असणारच, पण त्यानं कधी तक्रार केली नाही. पावसाळा सरेपर्यंत आईचा हात बसला आणि माझी नोकरी हळूहळू संपत आली.

आणि मग हिवाळा आला. डोंबिवलीतला तेव्हाचा हिवाळा म्हणजे काय ते आताच्या लोकांना सांगून पटायचं नाही. सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायची आणि आम्ही भावंडं ती विडी ओढल्याचं नाटक करत अंगणभर फिरायचो. भात कापून झालेल्या खाचरांत वाल पेरलेले असत. शीळफाट्याकडच्या गावातून एक आगरी बाई डोक्यावर पाटी घेऊन यायची. ती दारातूनच ओरडायची, "घे गो बाय, लय कवल्या शेंगा हायेत!" तिच्या पाटीत वालाच्या शेंगा, मुळे, लहान काटेरी वांगी आणि मातीसकट रताळी असत. आई तिच्याशी तास तास बोलत बसायची. शेंगा मडक्यात ओवा नि मीठ घालून वाफवायच्या, हे तिनंच आईला शिकवलं. त्यात अक्कल लागत नाही, फक्त धीर लागतो. झाकण सारखं उघडून बघायचं नाही, एवढंच पथ्य. संध्याकाळी आम्ही अंगणात शेकोटीजवळ बसून त्या गरम शेंगा दातांनी सोलायचो आणि टरफलांचा ढीग कुणाचा मोठा यावरून भांडायचो.

आईनं त्या हिवाळ्यात जे जे केलं ते सगळं सोपं होतं. रताळ्याच्या फोडी तुपावर परतून गुळात शिजवायच्या. तीळ लावून बाजरीची भाकरी थापायची आणि तव्यावरून थेट ताटात आणायची, लोण्याचा गोळा वर पडला पाहिजे आणि वितळायला लागला पाहिजे. मटार घालून मुगाच्या डाळीची खिचडी करायची. तांदूळ रेशनचा, त्यात खडे फार, म्हणून आम्हा दोघांना निवडायला बसवायची. पण त्या साध्या जेवणाचं तिला इतकं अप्रूप होतं की ती भांडं खाली उतरवताना गाणं गुणगुणायची. एकदा शेंगा सोलताना ती मला म्हणाली, "परत गेलो तर मी पुन्हा पोळ्याच लाटीन गं." म्हणाली आणि पुढची शेंग सोलायला घेतली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की नाताळ जवळ येतोय आणि आई त्याला घाबरते आहे.

काका-काकू तीन मुलांना घेऊन आले ते सुट्टीच्या पहिल्याच रविवारी. मुलांनी पिशव्या टाकल्या आणि ती थेट खाचरात पळाली. काकांनी तसं केलं नाही. त्यांनी आधी विहिरीत डोकावून पाहिलं, मग आढ्याकडे पाहिलं, मग कंदिलाची काच बोटानं पुसून बोट बाबांना दाखवलं. दवाखाना किती लांब आहे ते विचारलं. बाबा मागून मान डोलावत फिरत होते.

काकू मात्र पाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात आली. आईनं तिला पाट दिला. काकू चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "काय करतेयस? दे इकडे काहीतरी. हात बांधून बसायची मला सवय नाही." आईनं तिच्यापुढे मटार ठेवले. मी दाराशी घुटमळत होते, पण आईनं मला डोळ्यांनीच खुणावलं की आज जा. काकूसमोर तळहातावर थेंब वगैरे काही चालणार नव्हतं. मग मीही खाचरात पळाले. ते चुकलंच माझं.

आत काय झालं ते मला नंतर दोघींच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं कळलं. काकूनं मटार सोलले. आईनं खिचडी फोडणीला टाकली. वांगी भरून झाली, ती काकूनं पातेल्यात लावली, मधूनमधून हलवली. मटार-बटाट्याचा रस्सा आईनं केला, तो काकूनं ढवळला. आईनं ताकाची कढी केली, ती फुटू नये म्हणून काकूच डाव फिरवत बसली. गप्पा चालल्या होत्या, चाळीतली कुणाची मुंज, कुणाचं बाळंतपण. मिठाची बरणी दोघींच्या मधे, झाकण लावून, मुकाट उभी होती.

बारा वाजता पाट मांडले. बाबा, काका आणि आम्ही पाच मुलं. आईनं प्रत्येक ताटाच्या डाव्या बाजूला पद्धतीप्रमाणे चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड वाढली. मग खिचडी, वर तूप, भरलं वांगं, रस्सा, कढी, तिळाची भाकरी, रताळ्याच्या गोड फोडी. घमघमाट असा की काकांनीसुद्धा नाकानं दोनदा श्वास घेतला. मला वाटलं, जिंकलो.

मी खिचडीचा घास घेतला. आणि दुसरा रश्शात बुडवून घेतला. मग कढी प्यायले. माझ्या जिभेला तेवढी तालीम होती. पहिल्याच घासाला मला घाम फुटला. कशात म्हणजे कशात मीठ नव्हतं.

आमच्याकडे अन्नाला नावं ठेवायची नाहीत, ताटावर बसून तर मुळीच नाही. शिवाय मुलांनी पंगतीत बोलायचं नाही, हा काकांचा नियम होता. त्यामुळे पंगतीत अशी शांतता पसरली की बाहेरचा कावळा ऐकू येत होता. बाबांनी डावीकडच्या मिठाला बोट लावलं. काकांनी लावलं. चुलतभावानं तर अख्खी चिमूटच खिचडीत कालवली. आई दाराच्या चौकटीत उभी राहून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला वाटत होतं की सगळे जेवणात रंगलेत.

"मीठ वाढ जरा," काका म्हणाले. आई आनंदानं बरणी घेऊन आली. "मलाही," बाबा म्हणाले. "काकू, मला," असं चुलतभाऊ आईला म्हणाला. मग त्याच्या बहिणी म्हणाल्या. माझ्या पानाशी आई आली तेव्हा मी फक्त तिच्याकडे बघितलं. आईच्या हातातला चमचा तिथेच थांबला. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती आत गेली.

मी हात तसाच धरून तिच्या मागे गेले. खरकट्या हातानं पानावरून उठणं हा मोठा गुन्हा होता, पण मला त्या वेळी भान नव्हतं.

"वहिनी," आई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तुम्ही मीठ घातलं नाहीत?"

"मी?" काकू चमकली. "मी कशाला घालीन? घर तुझं, चूल तुझी. गाडीत बसल्यापासून हे मला बजावतायत की तिथे जाऊन ढवळाढवळ करू नकोस. मी नुसता डाव फिरवला गं."

"मला वाटलं... तुम्ही बसलाय म्हटल्यावर..."

वर्षभर रोज आईनं न चुकता मीठ घातलं होतं. पण काकू चुलीपाशी येऊन बसली आणि आईचा हात तिच्या नकळत दहा वर्षं मागे गेला. बरणी समोर असून तिला ती दिसलीच नाही. आई भिंतीला टेकून खाली बसली. ती रडायच्या बेतात होती हे मला दिसत होतं. संपलं आता, मला वाटलं, उद्या सामान बांधायचं.

आणि काकू हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग तिनं जमिनीवर थाप मारली. "अगं वेडे," तिला श्वास घेता येत नव्हता, "तेव्हा दोघींनी घातलं म्हणून सासूबाईंनी कायदा केला. आज त्या कायद्यानं दोघींनीही घातलं नाही! वरून बघत असतील तर कपाळ बडवून घेत असतील!" आई आधी नुसती बघत राहिली. मग तिलाही हसू फुटलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला बरं निमित्त मिळालं.

"काय चाललंय आत?" काकांचा आवाज आला. काकू पदर खोचून बाहेर गेली आणि तिनं झालेला प्रकार सगळ्यांना सांगितला. मुलं खिदळली. बाबा हसले आणि लगेच काकांकडे बघून थांबले. काकांनी पाण्याचा घोट घेतला.

"हसण्यावारी नेऊ नका," ते म्हणाले. "मी म्हणत होतो तेच झालं. एकटीला संसार जमणं सोपं नाही. मिठाचं भान राहत नाही, उद्या आणखी कशाचं राहणार नाही. गिरगावात चार माणसांत होती तेच बरं होतं. मे महिन्यात परत या."

बाबांची मान हलायला लागलेली मी पाहिली. त्या क्षणी मला बाबांचा इतका राग आला होता की तो पुरता गेला असं मी आजही म्हणणार नाही.

पण काकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. नवऱ्यासमोर असं उभं राहिलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि काकांच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यांनीही नसावं.

"जमत नाही?" ती म्हणाली. "या पोरांचे गाल बघा. भावोजींचं पोट बघा. वर्षभर अळणी खाऊन हे झालं होय? तिला सगळं जमतं. आज जमलं नाही ते मी आले म्हणून. मी शेजारी बसले की तिचा हात आखडतो, हे आत्ता माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. परत नेलंत तर ती पुन्हा पोळ्याच लाटत बसेल आणि पन्नाशीलाही तिला आमटीत मीठ किती ते कळायचं नाही. नाही न्यायची तिला. इथेच राहू दे."

काका बराच वेळ भाकरीचा तुकडा मोडत बसले. मग त्यांनी रताळ्याची फोड तोंडात टाकली, चघळली, आणि म्हणाले, "हे बाकी छान झालंय. अजून आहे का?" आमच्या काकांची संमती यापेक्षा स्पष्ट शब्दांत कधी कुणाला मिळालेली नाही. बाबांची मान आता दुप्पट वेगानं हलत होती. मी जागेवर जाऊन बसले आणि अळणी खिचडी दोनदा मागून घेतली.

पुरुषांचं आणि मुलांचं आटोपल्यावर बायकांची पंगत. दोघींचीच. एरवी दोघी चुलीपाशी, पातेलं मधे ठेवून, उरलंसुरलं वाढून घेत. त्या दिवशी काकूनं स्वतःच पाट ओढला, रांगोळीची रेघ उरली होती तिथे मांडला, आणि मांडी घालून बसली.

"खिचडी परत चुलीवर ठेव," ती आईला म्हणाली. "मीठ घाल, पाण्याचा हबका मार, वाफ येऊ दे. रश्शातही घाल. मी तिकडे बघणारसुद्धा नाही." आणि ती खरोखर चुलीकडे पाठ करून बसली.

आईनं मीठ घातलं. वाफ आल्यावर ताट वाढलं आणि काकूपुढे ठेवलं. स्वतःचं पान घेतलंच नाही. समोर उकिडवी बसून ती काकूच्या हाताकडे बघत राहिली. काकूनं घास घेतला. सावकाश चावला.

"जरा खारट झालंय," ती म्हणाली.

आईचा चेहरा उतरला. काकूनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. चौथ्या घासाला ती थांबली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते ती लपवत नव्हती.

"सासूबाई गेल्यापासून मला कुणी करून वाढलं नव्हतं गं," ती म्हणाली. "गरम तर नाहीच नाही. वाढ अजून."